खान्देशातून ट्राउटला सहकुटुंब जायचं तर

चोपड्याच्या एका भाऊंनी विचारलंय: "घरात आम्ही पाच जण. मी, बायको, १२ वर्षांची मुलगी, ८ वर्षांचा मुलगा आणि ६७ वर्षांचे वडील. वडिलांनी आयुष्यभर तापीत गळ टाकला. मेच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून फ्लाय फिशिंगनं ट्राउट धरायला पहाडात जायचं मनात आहे. कुठे जावं, काय विकत घ्यावं, किती दिवस काढावेत? आणि तोरणमाळच्या तलावात ट्राउटचं बी सोडलं तर जगेल का, म्हणजे एवढं लांब जायलाच नको?"

राम राम भाऊ. शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्यांदा हिमाचलातून परत आलो तेव्हा माझ्याही डोक्यात हाच किडा वळवळत होता. तोरणमाळ उंच आहे, गार आहे, यशवंत तलावात पाणी असतं, मग अडचण काय? अडचण पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूची आहे. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो, ३० अंशांना तोच साडेसातच्या आसपास येतो. आपला मरळ डबक्यातल्या गढूळ पाण्यातून वर येऊन हवा गिळतो, त्याला काही फरक पडत नाही. ट्राउटला ती सोय नाही. त्याला १० ते १७ अंशांचं, धावतं, दगडांवर आपटून फेसाळलेलं पाणी लागतं. २० च्या वर गेलं की तो खाणं टाकतो, २५ च्या आसपास जिवावर बेततं. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या घरात. निलगिरीत इंग्रजांनी ट्राउट रुजवला तो दोन हजार मीटरच्या आसपास आणि त्याहून वर. आपल्या सातपुड्यात तेवढी उंचीच नाही, बर्फ तर नाहीच नाही. आणि बाहेरचा मासा आणून सोडला की काय होतं, ते चिलापीनं आपल्या धरणांत दाखवलंच आहे. तेव्हा तो विषय सोडा. गाडी पकडावी लागेल.

ट्राउट हिमाचलातलाही मूळचा नाही, हे जाताजाता सांगून ठेवतो. साहेबलोकांनी आपल्या हौसेसाठी आणलेला मासा तो. काश्मीरसाठी १८९९ मध्ये बोटीनं निघालेली पहिली अंडी वाटेतच मेली, १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली जगली. कुलूकडे १९०९ पासून सुरुवात झाली. तेव्हापासून नद्यांत तपकिरी ट्राउट, म्हणजे ब्राउन, स्वतःच्या बळावर वाढतो. इंद्रधनुषी, म्हणजे रेनबो, तो मुख्यतः मत्स्यशेतीतल्या टाक्यांत दिसतो. अंगावर लाल ठिपके आणि त्याभोवती फिकट कडं असेल तर ब्राउन, बाजूनं गुलाबी पट्टा आणि शेपटीवरही ठिपके असतील तर रेनबो.

कुठे, तर पहिल्या खेपेला तीर्थन खोरं. कुलू जिल्ह्यातलं बंजार आणि त्याच्या वर गुशैणी. नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून येते. २०१४ पासून हे उद्यान जागतिक वारसा यादीत आहे. मी हे सुचवतो ते निसर्गसौंदर्यासाठी नाही, सौंदर्य सगळीकडे आहे. कारण साधं आहे. रस्ता नदीला लागून जातो, गावातली घरंच पाहुण्यांना राहायला देतात, आणि ज्याचा धीर सुटला त्याला पाच मिनिटांत खोलीवर परत जाता येतं. कुटुंबाला हेच लागतं. रोहडूकडची पब्बर, सांगल्याची बास्पा, बरोटची उहल या तिन्ही नद्या चांगल्या आहेत, पण त्या दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या. काश्मिरात नदीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा वेगळा परवाना देतात. तिथली शिस्त मला आवडते, पण पाच जणांच्या पहिल्या सहलीला तो व्याप नको. हिमाचलातही परवाना लागतोच. मत्स्य विभागाकडून काढा, घरमालक मदत करतात. काढतानाच विचारून घ्या की किती मासे ठेवता येतात, किती लांबीच्या आतला सोडायचाच असतो आणि हद्द कुठपर्यंत आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या आत काठी घेऊन शिरायचं नाही.

आता मे महिना. इथे तुम्हाला थोडं निराश करतो. हिमाचलात ट्राउटची बंदी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत असते, कारण त्या थंडीत ब्राउन ट्राउट नदीच्या वाळू-खडीत खड्डे करून अंडी घालतो. खरा हंगाम दोन तुकड्यांत येतो: मार्च ते एप्रिलचा मध्य, आणि पाऊस सरल्यावर सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर. तुम्ही म्हणाल, मग दिवाळीच्या सुट्टीत जाऊ. तिथेच फसगत होते. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे फराळ आटोपून निघाल तेव्हा नदी बंद झालेली असेल. एकदा आम्ही असेच जाऊन पाच दिवस सफरचंदाच्या बागा बघून आलो. मुलांना मजा आली, मी मात्र नदीकडे पाठ करून बसलो होतो.

राहिला मे. मेमध्ये वर बर्फ वितळतं. दुपारी उन्हानं वितळलेलं पाणी संध्याकाळपर्यंत खाली पोचतं, नदी फुगते आणि ताकासारखी पांढुरकी होते. रात्री वर पुन्हा गारठतं, सकाळी पाणी उतरलेलं आणि नितळ असतं. म्हणून मेमध्ये गेलात तर सकाळी साडेपाच ते साडेनऊ एवढीच तुमची वेळ. बाकीचा दिवस मुलांचा. मुख्य नदी गढूळ असेल तर गुशैणीला येऊन मिळणारा फलाचन नाला बघा, पुष्कळदा तो आधी निवळलेला असतो. मेचा पहिला आठवडा शेवटच्यापेक्षा बरा. परीक्षा संपल्या, आखाजी झाली की लगेच निघा. जुलै-ऑगस्टचं नावही काढू नका. २०२३ च्या जुलैत बियासनं कुलूत काय केलं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे.

आता मुद्द्याचं. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही एका ओळीत सांगून टाकली: वडिलांनी आयुष्यभर तापीत गळ टाकला. मीही त्याच शाळेतला. अनेरच्या काठी वाढलो, लहानपणी बांबूची काठी, तंगूस आणि गांडूळ. २००७ मध्ये पहिल्यांदा तीर्थनला गेलो तेव्हा वाटलं, मासा तो मासा, त्यात काय एवढं शिकायचं. तीन दिवसांत सात मासे लागले नि सातही तोडून गेले. चौथ्या दिवशी बायकोनं काठी मागितली. तिनं जन्मात कधी गळ धरला नव्हता. तासाभरात तिनं एक ब्राउन काठाला आणला, वीतभराचा, पण आणला. मी रात्रभर तळमळलो, आणि सकाळी कोडं सुटलं. चिलापी नि मरळ धरताना आपण हिसका देतो. गांडूळ त्यांनी गिळलेलं असतं, गळ जाड असतो, तंगूस जाड असतो, हिसका चालतो. ट्राउटच्या दोरीचं शेवटचं टोक ०.१५ मिलिमीटर जाडीचं असतं. तिथे हिसका दिला की टोक तुटतं, नाहीतर माशाच्या तोंडातून गळ निसटतो. काठी नुसती उचलायची असते, कपबशी उचलावी तशी. बायकोला हिसका द्यायची सवयच नव्हती, म्हणून तिचा मासा राहिला.

उलट पाणी वाचायचं म्हटलं तर ती अजूनही मला विचारते. मासा कुठे उभा असेल, धार कुठे मऊ होते, दगडामागे भोवरा कुठे आहे, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. तापीचा डोळा तीर्थनला जसाच्या तसा चालतो, हात मात्र नवा लागतो. तुमच्या आबांचंही तेच होईल. सुरुवातीलाच त्यांच्या हातात काठी देऊ नका. त्यांना काठावर उभं करा आणि विचारा, "आबा, कुठे असेल?" ते बोट दाखवतील ती जागा दहापैकी आठ वेळा बरोबर निघेल. मुलीनं तिथे टाकावं.

सामानाचं सांगतो. पाच जणांना दोनच काठ्या घ्या. चार घेतल्या तर चार गुंते होतात आणि सोडवणारे तुम्ही एकटे. एक काठी साडेआठ-नऊ फुटांची, ५ नंबरची. हा नंबर काठीच्या मजबुतीचा नसून दोरीच्या वजनाचा असतो. ५ नंबरच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन साधारण ९ ग्रॅम भरतं. तरंगणारी, पुढे जाड असलेली दोरी घ्या, दुकानदार तिला वेट फॉरवर्ड फ्लोटिंग म्हणतात. तिच्या पुढे नऊ फुटांचा लीडर, म्हणजे निमुळता होत जाणारा तंगूस, आणि त्याच्या टोकाला 'पाच एक्स' टिपेट, म्हणजे वर सांगितलेलं ०.१५ मिलिमीटरचं टोक. मी पहिल्या खेपेला फ्लायची दोरी महाग म्हणून रिळावर साधं तंगूस भरून नेलं होतं. पंधरा मिनिटांत कळलं की माशीला, म्हणजे गळावर पिसं-धागे बांधून केलेल्या खोट्या किड्याला, वजनच नाही, त्यामुळे तंगूस पुढे जाईचना. पैसे वाचवायचे तर रिळावर वाचवा, ते नुसतं दोरी साठवायचं चाक आहे. दोरीवर वाचवू नका.

दुसरी काठी मुलांसाठी, तेंकारा. ही जपानी पद्धत: रीळ नाही, काठीच्या टोकाला काठीएवढीच दोरी बांधलेली. आबांनी पाहिली तर म्हणतील, ही तर आपली बांबूची काठी! खरंच तसंच आहे. आठ वर्षांचा मुलगा अर्ध्या तासात ती फिरवायला शिकतो, आणि तीर्थनमध्ये मासा दहा-पंधरा फुटांवरच असतो, लांब फेकायची गरज क्वचित पडते. शिवाय प्रत्येकाला टोपी आणि पोलराइज्ड गॉगल, तोही डोळ्यात गळ जाऊ नये म्हणून आधी, आणि पाण्यातलं दिसावं म्हणून नंतर. वेडर नावाचे रबरी पायजमे पहिल्या खेपेला नकोत. बाजारात ट्राउटसाठी शेकडो माश्या विकतात, त्यातल्या चार पुरतात: फेझंट टेल आणि हेअर्स इअर या बुडणाऱ्या, मण्याच्या डोक्याच्या, १४ नंबरच्या. अॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस या तरंगणाऱ्या. प्रत्येकी सहा-सहा घ्या, कारण निम्म्या झाडांना लटकणार. मुलीला हौस असेल तर घरी बांधायला शिकवा. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं आणि सुतळीचे उकललेले धागे एवढ्यावर माझ्या पुतणीनं बांधलेल्या माशीला मासा लागलेला आहे.

आता खरी तयारी, आणि ती चोपड्यातच होते. निघण्याआधी सहा आठवडे, रोज वीस मिनिटं. शाळेचं मैदान किंवा कापूस निघून गेलेलं शेत. गळ बांधायचा नाही, टोकाला लोकरीचा रंगीत तुकडा. वीस-पंचवीस फुटांवर परात ठेवा आणि तिच्यात तुकडा पाडायचा. गोफण फिरवलेल्या माणसाला वाटतं की पुढचं फेकणं महत्त्वाचं. इथे उलटं आहे. दोरी मागे गेली की ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे. ते थांबणं हाताला पटत नाही. पटवायचा एक उपाय म्हणजे मान वळवून मागे बघत फेकणं. दुसरा कान देणं. आसूड कसा कडाडतो? टोक फार लवकर उलटं फिरवलं की. फ्लायची दोरी कडाडली तर समजा थांबला नाहीत, आणि खरी माशी असती तर ती तुटून मागच्या बाभळीत गेली असती. घड्याळाचा काटा मनात धरा: काठी मागे २ वर थांबते, पुढे १० वर. मनगट मोकळं सोडलं की काठी मागे ४ वर जाते आणि दोरी जमिनीवर लोळते. माझ्या मुलाचं मनगट शर्टाच्या बाहीला रुमालानं बांधलं होतं, चार दिवसांत वळण लागलं. दुपारी सराव करू नका, आपल्याकडच्या मेच्या झळा माणसालाही नकोत नि दोरीलाही. सकाळी सहाला वारा पडलेला असतो.

रोल कास्ट मात्र मैदानावर येत नाही. मागे झाडं असली की दोरी मागे न नेता, समोरच्या पाण्याच्या ओढीवर ती पुढे लोळवायची असते, आणि ती ओढ गवतात नसते. त्यासाठी पाणी हवं. तीर्थनच्या काठी झाडी दाट आहे, ही फेक दिवसाला शंभर वेळा लागेल. तुमच्या जवळच्या बंधाऱ्यावर जा. धरणात-तलावात मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, त्यांना आधी विचारा. आमच्याकडच्या भोई मंडळींनी मला कधीच अडवलं नाही, उलट खुर्ची आणून दिली, कारण कोंबडीचं पीस फेकणारा म्हातारा बघायला त्यांना आवडतं. तिथे लहान चिलापी बुडत्या माशीला लागते. ती लागली की काठी 'उचलायचा' सराव आपोआप होतो. आबांना हा सराव सगळ्यात जास्त लागेल, हे त्यांना सांगू मात्र नका. नातवाला शिकवायच्या निमित्तानं त्यांनाही न्या.

नदीवर पहिल्या सकाळी काठ्या खोलीतच ठेवा. मुलांना घेऊन गुडघ्याएवढंही नाही, घोट्याएवढ्या पाण्यात जा आणि दगड उलटे करा. खाली चपटे, तीन शेपट्यांचे किडे दिसतील, ती मेफ्लायची पिल्लं. वाळूच्या कणांची नळी करून आत राहणारे दिसतील, ते कॅडिस. दोन शेपट्यांचे दणकट दिसले तर स्टोनफ्लाय. ट्राउटचं बहुतेक खाणं हे असं पाण्याखालचं असतं. म्हणून सुरुवात बुडत्या माशीनं करा, वर लोकरीचा छोटा नारिंगी गोळा खुणेला, त्याच्याखाली माशी पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर. गोळा अडखळला, थांबला, बाजूला सरकला, काहीही झालं तरी काठी उचला. दहात नऊ वेळा दगड असतो. उलटलेले दगड परत होते तसे ठेवायला लावा.

मासा तोंड प्रवाहाच्या उगमाकडे करून उभा असतो, म्हणून त्याच्या मागून, खालच्या अंगानं वर चढत जायचं. मोठ्या दगडाच्या मागे भोवरा असतो हे आबांना माहीत आहे. त्यांना माहीत नसलेली एक गोष्ट म्हणजे दगडाच्या पुढ्यातही पाण्याची एक उशी तयार होते नि तिथेही मासा विसावतो. फेकल्यावर माशी पाण्याच्याच वेगानं वाहिली पाहिजे. मधली जोराची धार दोरीला ओढायला लागली की माशी मोटारबोटीसारखी पळते आणि मासा तोंड फिरवतो. अशा वेळी काठीचं टोक हलकेच फिरवून दोरीचा पोटफुगा वरच्या अंगाला उचलून टाकायचा. हे दोन दिवसांत जमतं. आपण गळ टाकून बिडी ओढत बसणारी माणसं, इथे दर दहा सेकंदांनी पुन्हा फेकायचं असतं, त्याचा कंटाळा आबांना येईल. येऊ द्या. घडीची खुर्ची न्या.

पाण्याबद्दल एक परिच्छेद जरा कडक आवाजात वाचा. तीर्थन दिसते ओढ्यासारखी, पण पाणी बर्फाचं आहे आणि गुडघ्यावरचं पाणी मोठ्या माणसाचाही पाय उचलतं. मुलांसाठी हद्द नडगीची, तीही तुम्ही खालच्या अंगाला उभे असाल तरच. लाइफ जॅकेट मुलांना कायम, मग ती कितीही चांगली पोहत असोत. पोहणं आणि वाहतं पाणी यांचा संबंध नाही. पाणी एकाएकी गढूळलं, काटक्या-पाला वाहत यायला लागला, आवाज बदलला, तर मासा लागलेला असला तरी सोडून बाहेर या. आणि खाली बियासवर, धरणांच्या पट्ट्यात, फोटोलासुद्धा उतरू नका. ८ जून २०१४ ला थलौटजवळ हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे २४ विद्यार्थी लारजी प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. तीर्थनकडे वळायचा फाटा त्याच भागात आहे.

गळ बोटात जातोच. म्हणून घरूनच पकडीनं प्रत्येक गळाचा उलटा काटा दाबून सपाट करा. मग तो माशाच्या तोंडातून निघतो तसाच माणसाच्या बोटातूनही निघतो. २०११ मध्ये माझ्या कानाच्या पाळीत रुतलेला काटेरी गळ काढायला बंजारला जावं लागलं, तेव्हापासून आमच्या घरात पकड ही पहिली वस्तू. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधी सगळ्यांनी घेऊन टाका.

मासा सोडायचा की खायचा? माझं मत स्पष्ट आहे: नदीतला सोडा, खायचा तर जवळच्या ट्राउटशेतीतला विकत घ्या, चवीत मला तरी फरक कळत नाही. गार पाण्यात हा मासा हळू वाढतो. धरताना हात आधी ओले करा, कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो नि मग त्याला बुरशी लागते. फोटो एकच, तोही तो पाण्यावर धरून, आपला श्वास रोखून. आपल्याला धाप लागली म्हणजे त्याला केव्हाच लागलेली असते. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतःहून जाईपर्यंत धरा.

हे ऐकून आबा काय विचारतील ते मला पाठ आहे, माझ्या वडिलांनी तेच विचारलं होतं: "सोडीच देवाना से ते धराना कसाले?" मी त्यांना निसर्ग, हंगाम, अंडी सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढचा मासा पिशवीत टाकला. परवान्यात बसत होता, मीही काही बोललो नाही. तुम्हीही त्यावरून सहल नासवू नका. परवान्यातला एखादा मासा आबांचा. मुलांनी काय करायचं ते मुलं तुमच्याकडे बघून ठरवतील.

आणि तुम्ही स्वतः पहिले तीन दिवस काठी धरू नका. पाच जणांची सहल वाया जाते ती बापाच्या हावरटपणानं, हे अनुभवानं सांगतो. गाठी मारा, गुंते सोडवा, माशी बदलून द्या, मुलाला वीस मिनिटांनी कंटाळा आला की त्याला दगड रचू द्या, पुन्हा बोलावू नका, तोच येईल. बायकोला "तू बस, फोटो काढ" म्हणालात तर चूक कराल, वर सांगितलंच आहे का ते. चौथ्या दिवशी पहाटे एकटे निघा, कोणी उठायच्या आत. तो दिवस तुमचा.

म्हणजे नदीवर पाच दिवस आणि येण्या-जाण्याचे चार. भुसावळहून दिल्लीला गाड्या भरपूर आहेत, अठरा-वीस तासांत पोचता. दिल्लीहून रात्रीची मनालीची बस, सकाळी औटला उतरायचं. बोगद्याच्या आधीच, कंडक्टरला दोनदा सांगून ठेवा, झोपलात तर कुलू गाठाल. औटहून बंजारमार्गे गुशैणीला टॅक्सी. काठ्या चार तुकड्यांच्या घ्या म्हणजे बॅगेत मावतात. एका तुकड्याची काठी घेऊन स्लीपरच्या डब्यात चढलेला माणूस मी पाहिलेला आहे, मीच होतो तो.

घरगुती जेवणात राजमा-भात, सिड्डू असं काहीबाही मिळतं, चांगलं असतं, पण तिसऱ्या दिवशी आबा भाकरी मागतील. कळण्याचं पीठ दोन किलो न्या, त्यांच्या चुलीवर भाकरी छान फुगते. ठेचा मात्र अंदाजापेक्षा दुप्पट घ्या, आमचा दर वेळी घरमालकच संपवतो.